ठकू ट्रंकेत सापडली, आता आईला काय विचारू?

ताई, नमस्कार.

मी ५२ वर्षांची आहे. दोन महिन्यांपूर्वी आई माझ्याकडे राहायला आली. ती ८१ वर्षांची आहे. चालणं कमी झालंय, पण बोलणं आणि बुद्धी अजून तल्लख आहे. तिच्या सामानात एक जुनी ट्रंक होती. तिच्या तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत, डांबराच्या गोळ्यांमध्ये मला ठकू सापडली. ठकू म्हणजे माझी चिंध्यांची बाहुली, आईनेच शिवलेली. मी सात वर्षांची असताना एके दिवशी शाळेतून घरी आले तर ठकू जागेवर नव्हती. "मोठी झालीस आता, टाकून दिली ती," एवढंच आई म्हणाली. मी पुन्हा कधी विषय काढला नाही, पण ते वाक्य गेली ४५ वर्षं माझ्या मनात आहे. आईशी खटका उडाला की ते आपोआप वर येतं. माझ्या मुलीची एकही वस्तू मी तिला विचारल्याशिवाय टाकली नाही, तेही त्यामुळेच.

आणि आता ही ट्रंकेत! म्हणजे आई खोटं बोलली होती का? की मलाच चुकीचं आठवतंय? माझ्या आठवणीतल्या ठकूचा झगा लाल होता आणि डोळे काळ्या बटणांचे. हिचा झगा पिवळट आहे आणि डोळे दोऱ्याने भरलेले. पण डाव्या गालावरचा शाईचा डाग तोच. तो मीच पाडला होता. मानेला जाड पांढऱ्या दोऱ्याचे टाके आहेत, ते मला मुळीच आठवत नाहीत. डावा खांदा उसवलाय, आतल्या चिंध्या बाहेर आल्यात. माझ्याहून पाच वर्षांनी लहान बहिणीला फोन केला, तर ती म्हणाली, "अगं, ती तर माझी बाहुली. तुझी हरवली होती." मुलगी म्हणते, स्वच्छ धुऊ आणि नातीला खेळायला देऊ. नात दीड वर्षाची आहे. नवरा हसतो.

मी ठकूला पुन्हा ट्रंकेत ठेवलं आहे. तीन आठवडे झाले, आईला अजून काही विचारलेलं नाही. विचारू का? आणि ठकूचं काय करू?

---

प्रिय मैत्रिणी,

आधी एक काम सांगते, ते आजच करा. ठकूला प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढा, पण धुऊ नका आणि नातीच्या हातात देऊ नका. बाकी सगळं सावकाश झालं तरी चालेल.

तुम्ही विचारलेले प्रश्न मी पुन्हा पुन्हा वाचले. त्यांच्याखाली न लिहिलेला एक प्रश्न आहे असं मला वाटतं. इतकी वर्षं ज्या गोष्टीचा राग धरला, ती घडलीच नव्हती असं निघालं तर त्या रागाचं काय करायचं? तीन आठवडे तुम्ही आईशी बोलला नाहीत, ते याच भीतीने असावं. आईचं उत्तर काहीही आलं तरी तुमचं काहीतरी जाणारच. तिने फेकली म्हणाली तर जखम पुन्हा उघडेल. जपून ठेवली म्हणाली तर सात वर्षांच्या त्या मुलीची बाजू घ्यायला कोणीच उरणार नाही.

म्हणून मी आधी तिची बाजू घेते.

डोनाल्ड विनिकॉट हे इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. लहान मुलं एखादं फडकं, पांघरुणाचा कोपरा किंवा मऊ बाहुली इतकी घट्ट धरून का ठेवतात, यावर त्यांनी १९५१ साली एक निबंध वाचला आणि १९५३ मध्ये तो छापून आला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : मूल आईपासून हळूहळू वेगळं व्हायला शिकतं, तेव्हा मधल्या वाटेवर त्याला काहीतरी धरायला लागतं. ती वस्तू धड आईही नसते आणि धड परकीही नसते. ती मुलाने स्वतः निवडलेली, 'मी नाही पण माझी' अशी पहिली वस्तू असते. त्याच निबंधात विनिकॉट सांगतात की पुढे या वस्तूचं काय होतं. मूल तिला विसरत नाही आणि तिच्यासाठी शोकही करत नाही. तिच्यातला अर्थ आपोआप विरत जातो. ती कोपऱ्यात पडून राहते आणि एक दिवस कोणाच्या लक्षातही येत नाही.

तुमच्या बाबतीत हे विरत जाणं झालंच नाही. सकाळी ठकू होती आणि दुपारी नव्हती. जे फळ पिकून आपसूक गळायचं, ते ओरबाडलं गेलं. सात वर्षांची मुलगी बाहुलीसाठी रडते तेव्हा मोठ्यांना ते बाहुलीसाठीचं रडणं वाटतं. तुम्ही मात्र त्या दिवशी हेही शिकलात की आपल्या माघारी आपलं काहीही नाहीसं होऊ शकतं, आणि ते करणारं माणूस आपलं सगळ्यात जवळचं असू शकतं. ट्रंकेत काहीही सापडलं तरी तुमच्या त्या दुपारची रिकामी जागा खोटी ठरत नाही. आईने बाहुली जपली हे खरं. तुम्हाला तिचा निरोप घेऊ दिला नाही हेही खरं. यातलं एक खरं मानायला दुसरं खोडावं लागत नाही.

तुमचे यजमान हसतात, त्यांना हसू द्या. समजावत बसू नका. त्यांची स्वतःची अशी एखादी वस्तू असेल तर कधीतरी तेच सांगतील.

आता आठवणीबद्दल. लाल झगा की पिवळा, बटणं की दोरा. तुम्ही या प्रश्नाने फारच घाबरल्या आहात असं दिसतं, म्हणून एक जुना प्रयोग सांगते. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं. दुसऱ्याच दिवशी उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, की ही बातमी कळली तेव्हा तू कुठे होतास, कोणी सांगितलं, काय करत होतास. अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. ४४ पैकी ११ जणांचं एकही उत्तर पहिल्या उत्तराशी जुळलं नाही, आणि तरीही आपण सांगतोय तेच बरोबर अशी त्यांच्यातल्या काहींची पक्की खात्री होती. नायसर आणि त्यांच्या सहकारी निकोल हार्श यांनी १९९२ मध्ये हे प्रसिद्ध केलं. मला यातली सगळ्यात बोलकी वाटते ती पुढची गोष्ट. त्या विद्यार्थ्यांसमोर त्यांच्याच अक्षरातले जुने कागद ठेवले, तरी पहिली आठवण कोणाचीच परत आली नाही. नवी आठवणच टिकून राहिली.

तुमचंही तसं होऊ शकतं. पिवळट झग्यातली ठकू हातात घेऊनही मनातली ठकू लाल झग्यातच दिसत राहील. तिला पुसायचा प्रयत्न करू नका. ट्रंकेतली ठकू आणि मनातली ठकू दोघी राहू द्या, एकीने दुसरीला हाकलायची गरज नाही.

पण थांबा. तुमची आठवण चुकलीच आहे हे तरी कोणी ठरवलं? मी जुनं कापड बरंच हाताळलं आहे, म्हणून तुम्हाला एक तपासणी सुचवते. ठकूला खिडकीजवळच्या उजेडात न्या, हात धुऊन कोरडे करा आणि झग्याची खालची दुमड अलगद उलटून पाहा. कमरेच्या चुण्यांच्या आत पाहा, काखेतल्या शिवणीत पाहा. कापडाचे कितीतरी रंग उजेडाने उडतात आणि सुती कापड वयाने पिवळं पडतं, पण शिवणीच्या आत जिथे उजेड पोहोचत नाही तिथे मूळ रंग तग धरून राहतो. तिथे लालसर काही दिसलं तर तुमची आठवण बरोबर होती, झग्याचाच रंग बदलला. दुमडीतही पिवळाच निघाला तर झग्याखाली दुसरा थर आहे का पाहा. चिंध्यांच्या बाहुल्यांवर जुन्या कापडावरून नवं कापड शिवायची पद्धत सगळीकडचीच, कारण फाटलेलं उसवण्यापेक्षा झाकणं सोपं. टाके मात्र उसवू नका, नुसतं डोकावून पाहा.

मग डोळे. भरलेल्या दोऱ्याच्या कडेला सुईची रिकामी भोकं दिसतात का, काळ्या दोऱ्याचं एखादं टोक अडकलंय का, ते भिंगातून बघा. बटण बरीच वर्षं एका जागी असलं की त्याखालचं कापड आजूबाजूच्या कापडापेक्षा कमी मळलेलं आणि कमी उडालेलं राहतं. असा गोल ठसा दिसला, तर बटणं होती आणि ती कोणीतरी काढली.

आणि कोणी का काढावी? तुम्ही सात वर्षांच्या होतात तेव्हा बहीण दोन वर्षांची होती. दोन वर्षांचं मूल हाती येईल ते तोंडात घालतं. बटण ओढून निघालं की घशात अडकायला वेळ लागत नाही. एखाद्या आईने बटणं काढून दोऱ्याने डोळे भरले असतील तर मला तरी नवल वाटणार नाही. मग बहीण 'माझी बाहुली' म्हणते त्याचाही अर्थ लागतो.

ही माझी अटकळ आहे आणि ती लंगडी आहे हे मला दिसतंय. ठकू धाकटीकडे गेली असती तर ती तुमच्याच घरात, तुमच्याच डोळ्यांसमोर असती. गालावरचा डाग तुम्ही ओळखला नसता का? कदाचित ती काही वर्षांनी बाहेर आली असेल, तुमचं बाहुल्यांकडे लक्ष नसण्याच्या वयात. कदाचित मानेचे पांढरे टाके तेव्हाचे असतील. किंवा यातलं काहीच घडलं नसेल. मी हे मुद्दाम सांगते आहे, कारण ट्रंक उघडल्यापासून तुमच्या मनात एक नवी गोष्ट रचली जाते आहे : आईने लपून ठकू जपली, रात्री बसून मान शिवली. ती गोष्ट गोड आहे. पण आधीची कडू गोष्ट तुम्ही आईला न विचारताच ४५ वर्षं धरून ठेवलीत. ही गोडही तिला न विचारताच धरून बसू नका.

बहिणीबद्दल एवढंच, की ती खोटं बोलत नसणार. एकाच घरात वाढलेल्यांच्या आठवणी एकमेकांत मिसळतात. २००१ मध्ये मर्सिडीज शीन, सायमन केम्प आणि डेव्हिड रुबिन या मानसशास्त्रज्ञांनी प्रौढ जुळ्या भावंडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकच प्रसंग दोघांनाही 'हे माझ्या बाबतीत घडलं' असा आठवतो, असे प्रसंग त्यांना आढळले. ज्याला बक्षीस मिळालं ते कोण, जो पडला तो कोण, यावर दोघंही ठाम. जुळी नसलेल्या भावंडांमध्ये आणि मित्रमैत्रिणींमध्येही असे प्रसंग निघाले, जरा कमी. तुमच्या बहिणीकडेही एक ठकू आहे, तिच्या वयाची, तिच्या उशाशी निजलेली. तिला फोन करून "नाही, माझीच" असं पटवायला जाऊ नका. तिला विचारा, तुझ्या बाहुलीचे डोळे कसे होते? झगा कोणत्या रंगाचा? तिला गालावरचा डाग आठवतो का? तुम्ही आपलं काही सांगायच्या आधी विचारा, नाहीतर तुमचा लाल झगा तिच्या आठवणीत शिरेल.

आता आईकडे वळू. विचारू का, असं तुम्ही लिहिलंत. हो, विचारा, आणि लवकर विचारा. ८१ व्या वर्षी बुद्धी तल्लख आहे ही तुमच्या हातातली मोठी गोष्ट आहे. सहा महिन्यांनी ती तशीच असेल असं धरून चालू नका.

पण 'का' ने सुरुवात करू नका. मी ही चूक केली आहे. माझ्या आईला मी एकदा लहानपणच्या एका गोष्टीबद्दल "तू तसं का केलंस?" असं विचारलं होतं. माझा आवाज चढलेला नव्हता, तरी तिचा चेहरा मिटला. "असेल काहीतरी, मला नाही आठवत," म्हणून ती उठून गेली. नंतर ती गेलीच, आणि तो दरवाजा तसाच बंद राहिला. म्हाताऱ्या आईला 'का' या शब्दात आरोप ऐकू येतो, आपण कितीही मऊ आवाजात विचारलं तरी. मग ती आठवायचं सोडून बचाव करू लागते.

तुमच्याकडे माझ्यापेक्षा चांगली सोय आहे. ठकूचा खांदा उसवलाय. ती बाहुली तुमच्या आईने हाताने शिवली आहे. दुपारच्या निवांत वेळी, घरात दुसरं कोणी नसताना, ठकू आईच्या मांडीवर ठेवा आणि म्हणा, "आई, ही सापडली. हिचा खांदा उसवलाय. तू हा टाका कसा घातला होतास, दाखवशील?" आणि गप्प बसा. हे गप्प बसणं अवघड जाईल. तरी बसा. बोटांना कापडाचा स्पर्श झाला की आईला जे आठवेल ते शब्दांत विचारून आठवणार नाही. कदाचित ती आधी टाक्याबद्दलच बोलेल, हा धावदोरा आहे, इथे उलटटीप घालायला हवी होती, हे कापड अमक्या झग्याचं उरलेलं. बोलू द्या. प्रत्येक चिंधी कशातून आली ते विचारा. उसवलेल्या खांद्यातून ज्या चिंध्या डोकावताहेत, त्यांत तुमच्या घरातल्या कोणाकोणाचे कपडे आहेत हे सांगू शकणारी व्यक्ती आता तीच आहे. मानेच्या टाक्यांवर बोट ठेवून "हे कधीचे ग?" असं सहज विचारता येईल.

मग एकदाच, एका वाक्यात, तुमचं सांगा. "तू टाकून दिली म्हणालीस तेव्हा मी खूप रडले होते, आणि पुष्कळ वर्षं मला त्याचा राग होता." त्याच्यापुढे 'तू असं करायला नको होतंस' जोडू नका. ते वाक्य तिला कळेल.

उत्तर काय येईल याची थोडी तयारी मात्र ठेवा. ती म्हणेल, मला काहीच आठवत नाही. हे सगळ्यात शक्य आहे. तुमच्या आयुष्यातला तो मोठा दिवस होता, तिच्या दृष्टीने शंभर कामांतलं एक. नाही आठवत म्हणाली तर ते तुम्हाला टाळणं समजू नका. ती म्हणेल, खरंच टाकली होती, पण कोणीतरी उचलून आणली. ती म्हणेल, शाळेत तुला मुली चिडवत होत्या म्हणून लपवली आणि नंतर द्यायची राहून गेली. किंवा ती नुसतीच ठकूच्या गालावरून अंगठा फिरवत बसेल आणि काही बोलणार नाही. तसं झालं तर तुम्हीही बोलू नका. ठकू त्या दिवशी तिच्याकडेच राहू द्या.

'टाकून दिली' हे वाक्य खोटं होतं का, याचं उत्तर तुम्हाला मिळेलच असं नाही. मोठी माणसं मुलाचं रडणं थांबवायला अंतिम वाटेल असं काहीतरी बोलून टाकतात. 'ठेवली आहे' म्हटलं तर मूल रोज मागणार, 'टाकली' म्हटलं की विषय संपला. विषय संपतो तो त्यांच्यापुरता. तुम्ही स्वतःच्या मुलीला विचारल्याशिवाय तिची एकही वस्तू टाकली नाहीत, म्हणजे त्या वाक्याने काय होतं हे तुम्हाला ठाऊक होतं. तुमच्या मुलीला हे कधी सांगितलंत का? ती धुऊन काढू म्हणते, कारण तिच्या लेखी ती एक मळकी बाहुली आहे. तिला ही सगळी हकिगत ठाऊक नसावी. सांगा.

धुण्याबद्दल मात्र माझं मत ठाम आहे : नाही. गालावरचा डाग शाईचा आहे. बऱ्याच शाया पाण्यात विरघळतात. पाणी लागलं तर डाग जाईल किंवा सगळ्या चेहऱ्यावर पसरेल, आणि ही ठकूच आहे याची तुमची एकमेव खूण नाहीशी होईल. आतल्या रंगीत चिंध्यांचे रंग सुटून बाहेरच्या कापडात उतरतील. वरचं कापड वाळलं तरी आतलं भरण दिवसचे दिवस ओलं राहील आणि बुरशी धरेल. शिवाय जुना धागा ओल्या भरणाच्या वजनाने तुटतो. विनिकॉट यांनीही धुण्याचा उल्लेख केला आहे. ते म्हणतात, शहाणी आई ती वस्तू मळू देते, तिला वास आला तरी चालवून घेते, कारण धुतल्याने मुलाच्या अनुभवातली सलगता तुटते हे तिला माहीत असतं. ते लहान मुलांबद्दल लिहीत होते. ५२ व्या वर्षीही ते लागू आहे असं मी म्हणेन.

नातीला ठकू न देण्याचं कारण अधिक गंभीर आहे. डांबराच्या गोळ्या साधारणपणे नॅप्थलीनच्या असतात. त्याची वाफ कापडात मुरते. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचं विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी असतं. अशा लहान मुलांमध्ये नॅप्थलीनमुळे तांबड्या रक्तपेशी फुटून कावीळ आणि पंडुरोग होऊ शकतो, नुसत्या वासाच्या कपड्यांत गुंडाळल्यानेही. दीड वर्षाचं मूल बाहुली चोखणार हे नक्की. तेव्हा ठकूला काही दिवस सावलीत, वाऱ्यावर, नात जिथे झोपते त्यापासून दूर ठेवा. वास गेला तरी तिच्या हाती देऊ नका.

आणखी एक. ठकूला नाकाशी धरून तुम्ही जुना वास शोधला असेल, आणि गोळ्यांच्या वासाखाली तो सापडला नसेल. वासाचा निरोप मेंदूत भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत फार थेट पोहोचतो, म्हणून आपण वासावर इतका भरवसा टाकतो. इथे तो मिळणार नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, डोळे आणि बोटं पुरेशी आहेत.

ठेवायचं कसं, ते सांगते. सुती कापडाचा मोठा शत्रू ओल. ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस इथे सापडलेली रोमन काळातली एक चिंध्यांची बाहुली आहे, इसवी सनाच्या पहिल्या ते पाचव्या शतकाच्या दरम्यानची. जाडंभरडं लिननचं कापड, आत चिंध्या आणि पपायरस या लव्हाळ्याच्या कागदाचे तुकडे भरलेले, डोक्याला एक चिमुकला निळा मणी. कोणा मुलाची ती होती हे कोणालाच माहीत नाही, पण दीड हजारांहून अधिक वर्षं ती टिकली, कारण तिथली वाळू कोरडी होती. तुम्हाला वाळू नको, कोरडी हवा हवी. प्लास्टिकची पिशवी ओल कोंडते, म्हणून ती नको. वर्तमानपत्राचा कागद आम्ल सोडतो, तोही नको. डांबराच्या गोळ्यांचाही सुती बाहुलीला फारसा उपयोग नाही. कपड्यांच्या पतंगांच्या अळ्यांना लोकर आणि रेशीम लागतं. सुती कापडाला कसर लागते, तीही दमट जागेत. ठकूचे केस लोकरीचे असले तर तेवढ्याकडे लक्ष ठेवा. खळ निघून जाईपर्यंत धुतलेलं पांढरं सुती कापड घ्या, त्यात तिला सैल गुंडाळा, हातपाय दुमडू नका, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात, बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवा. वर्षातून दोनदा उघडून पाहा. बारीक भोकं, भुसा किंवा जिवंत कीड दिसली तर हवा काढून घट्ट बंद केलेल्या पिशवीत घालून उणे १८ अंश सेल्सिअसच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर हवेतली वाफ थंड कापडावर धरते. प्लास्टिक वापरायचं ते एवढ्यापुरतंच. धूळ झटकू नका. व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला बारीक जाळी बांधून अगदी कमी जोरात, वरच्यावर ओढा.

नातीला बाहुली हवीच असेल तर नवी शिवा. ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना त्यांनी एक यंत्र दाखवलं आणि सांगितलं की हे कोणत्याही वस्तूची हुबेहूब नक्कल करतं. साध्या खेळण्याची नक्कल घ्यायला मुलं खुशीने तयार होती. पण ज्या बाहुलीशिवाय झोप येत नाही तिच्या बाबतीत बहुतेकांना आपली मूळचीच परत हवी होती. काहींनी तर ती यंत्रात ठेवूच दिली नाही. ठकू तुमच्यासाठी मूळची आहे. नातीची मूळची बाहुली अजून व्हायची आहे. आजीची बाहुली तिच्या गळ्यात बांधून ती तिची होणार नाही. तिची तिलाच निवडू द्या. डोळे दोऱ्याने भरा, बटण, मणी, लांब फिती नकोत, शिवण दुहेरी उलटटीपेची घाला. आणि सुरुवातीपासूनच एकाच कापडाच्या दोन शिवून आलटून पालटून द्या, म्हणजे एक धुवायला टाकली तरी घरात रडारड होणार नाही.

पण ते नंतर. आधी ठकूचा खांदा. गोंद लावू नका, मशीनवर घालू नका. जुने टाके कापू नका, तसेच राहू द्या. बाहेर आलेल्या चिंध्या आईने नावं सांगून झाल्या की आत सारा, आणि खांद्याखाली एक मऊ सुती तुकडा सरकवून जुनं कापड त्यावर बारीक, सैल टाक्यांनी धरून ठेवा, दोरा ओढू नका. आईला सुईत दोरा ओवणं जमत नसेल तर तुम्ही ओवून द्या. टाका तिने सांगायचा, तुम्ही घालायचा. तिचा हात स्थिर असेल तर पहिला टाका तिलाच घालू द्या.

तुमची,
ताई